दाबोळीची धावपट्टी

(गोवा मुक्तिदिनाच्या निमित्ताने तळवडे येथे झालेल्या कार्यकर्त्यांच्या अभ्यासवर्गातील व्याख्यानाचा मजकूर)



तळवड्याच्या माणसाला युद्धसामग्रीचा शेजार नवा नाही. एका अंगाला देहूरोडचे दारूगोळ्याचे भांडार आहे. त्याच्याभोवती आखलेल्या दोन हजार यार्डांच्या प्रतिबंधित पट्ट्याला, म्हणजे ‘रेड झोन’ला, येथील घरटी माणूस ओळखतो. ज्याने आयुष्यभर कारखान्यात राबून अर्धा-एक गुंठा घेतला आणि पत्र्याच्या जागी स्लॅब टाकायला निघाला, त्याला १९०३ सालचा संरक्षणविषयक कायदा प्रथम भेटला तो याच पट्ट्यात. दुसऱ्या अंगाला, काही कोसांवर, लोहगावचा हवाई तळ आहे. ब्रिटिशांनी तो १९३९ साली उभारला. आज तेथून सुखोई उडतात आणि त्यांचा आवाज पाळीवरून घरी परतणाऱ्या कामगाराची झोपमोड करतो. हवाई सामर्थ्याचा विषय पुस्तकात शोधायला जावे लागत नाही, अशा फार थोड्या गावांपैकी हे एक गाव आहे.

लोहगावच्या या तळावरून १८ डिसेंबर १९६१ च्या सकाळी कॅनबेरा जातीची बारा बाँबफेकी विमाने दक्षिणेकडे गेली. विंग कमांडर एन. बी. मेनन त्यांचे नेतृत्व करीत होते आणि लक्ष्य होते गोव्यातील दाबोळीचा विमानतळ. सरळ रेषेत हे अंतर साडेतीनशे किलोमीटरच्या आसपास भरते. जेट विमानाला त्यासाठी अर्धा तास पुष्कळ झाला. त्या बारा विमानांनी काही मिनिटांत सुमारे ६३ हजार पौंडांचे बाँब धावपट्टीवर टाकले. पाठोपाठ विंग कमांडर सुरिंदर सिंग यांच्या नेतृत्वाखाली आणखी आठ कॅनबेरा विमाने त्याच धावपट्टीवर गेली. बेळगावजवळच्या सांबरा तळावरून सहा हंटर विमाने निघाली आणि त्यांनी बांबोळीचे बिनतारी संदेश केंद्र अग्निबाण व तोफांच्या माऱ्याने बंद पाडले. दीवमध्ये तुफानी विमानांनी विमानतळाचा नियंत्रण मनोरा व बिनतारी केंद्र फोडले. दमणमध्ये मिस्टियर विमानांनी पोर्तुगीज तोफांच्या जागांवर मारा केला. दुसऱ्या दिवशी, १९ डिसेंबरच्या रात्री, गव्हर्नर जनरल वासालो इ सिल्वा यांनी शरणागती पत्करली. साडेचारशे वर्षांची राजवट दोन दिवसांत संपली.

पुण्याच्या लोकांना स्वाभाविकच या घटनेचा अभिमान वाटतो. गोवामुक्तीच्या चळवळीत पुणे हे एक ठाणेच होते. विमोचन सहायक समिती पुण्यात स्थापन झाली, सत्याग्रहींच्या तुकड्या पुण्याहून निघाल्या आणि अखेरचा निर्णायक घावही पुण्याच्याच आकाशातून पडला, असा एक सुबक हिशेब पुष्कळांच्या मनात बसलेला आहे. या सुबक हिशेबातच गफलत आहे. घाव निर्णायक होता का, आणि तो आकाशातून पडला का, हे दोन्ही प्रश्न तपासून पाहण्याजोगे आहेत. १९६१ च्या डिसेंबरात आकाशाबद्दल जो समज राष्ट्राने करून घेतला, त्याची किंमत पुढल्या चार वर्षांत दोनदा मोजावी लागली. तो समज आज तर दूरचित्रवाणीच्या पडद्यावर रोज वाढवला जातो.

प्रथम दाबोळीची ती धावपट्टीच पाहू. ती कशासाठी बांधली गेली होती? १९५४-५५ मध्ये सत्याग्रहाचा जोर वाढला आणि भारत सरकारने गोव्याची आर्थिक नाकेबंदी केली. रेल्वे थांबली, सरहद्द बंद झाली. त्यावर सालाझारच्या सरकारने उपाय काढला तो विमानतळाचा. १९५५ साली दाबोळीला धावपट्टी झाली आणि गोव्यासाठी ‘टाईप’ ही स्वतंत्र विमान कंपनी काढण्यात आली. वसाहतीचा प्राण जमिनीवरून तोडला गेला, तेव्हा तो हवेतून टिकवण्याची ही धडपड होती. म्हणजे या धावपट्टीच्या बांधणीला कारण झाली ती नाकेबंदी, आणि नाकेबंदीला कारण झाले ते सत्याग्रही. दाबोळीच्या इतिहासाची सुरुवात बाँबपासून करणे हे त्या माणसांवर अन्याय करणारे आहे.

आता बाँबफेकीचा परिणाम. वीस कॅनबेरा विमानांनी दोन फेऱ्यांत ती धावपट्टी उखडून टाकली, याबद्दल वाद नाही. वैमानिकांचे कसबही निर्विवाद होते. इमारतींना धक्का लावायचा नाही, अशी वरिष्ठांची सक्त आज्ञा होती आणि ती त्यांनी काटेकोर पाळली. विमानतळाच्या इमारती जवळजवळ जशाच्या तशा उभ्या राहिल्या. परंतु विमानतळाच्या आवारात त्या दिवशी दोन मोठी प्रवासी विमाने उभी होती, एक लॉकहीड कॉन्स्टेलेशन आणि एक डग्लस डीसी-४. त्याच रात्री पोर्तुगीजांनी या दोन विमानांत अधिकाऱ्यांची कुटुंबे बसवली, जास्तीच्या खुर्च्या व सामान काढून फेकले आणि खड्ड्यांनी चाळण झालेल्या त्याच धावपट्टीच्या शाबूत राहिलेल्या तुकड्यावरून, सुमारे सातशे मीटरच्या धावेत, कॉन्स्टेलेशन आकाशात उचलले. उडालेल्या खडीने विमानाच्या अंगाला पंचवीसएक भोके पडली व एक टायर फुटला. तरीही ते गेले. पाठोपाठ दुसरेही गेले. अंधाराचा आडोसा घेऊन, समुद्रावरून अगदी खालून उडत, भारतीय गस्त चुकवून दोन्ही विमाने कराचीला पोहोचली.

ही हकिकत विजयाच्या वर्णनात सहसा सांगितली जात नाही. सांगितली तर एक गमतीचा प्रसंग म्हणून सांगितली जाते. वस्तुतः तिच्यात हवाई सामर्थ्याचा अख्खा धडा आहे. विरोधकाकडे एकही लढाऊ विमान नव्हते. विमानविरोधी तोफा होत्या त्या थोड्या व जुनाट. हवामान अनुकूल होते, लक्ष्य ठाऊक होते आणि ते जागचे हलणारे नव्हते. अशा आदर्श परिस्थितीत जेट युगातील बाँबफेकी विमानांचा एवढा ताफा एका धावपट्टीवर गेला आणि तरी ती एका रात्रीपुरतीसुद्धा पूर्णपणे बंद झाली नाही. पंखे फिरवीत उडणारी दोन प्रवासी विमाने तिच्यावरून सुटली. कुटुंबे सुखरूप गेली याचे वाईट वाटण्याचे कारण नाही. उलट बायका-मुलांनी भरलेली ती विमाने कोणाच्या तोफेच्या टप्प्यात आली नाहीत हे बरेच झाले. मुद्दा एवढाच की, ‘आकाशातून सर्व काही साधते’ हे विधान पहिल्याच दिवशी, अत्यंत सोप्या परीक्षेत, नापास झाले होते.

मग गोवा पडला कशाने? तो पायाने पडला. दक्षिण विभागाचे सेनापती जनरल जे. एन. चौधरी यांच्या योजनेत मुख्य चढाई मेजर जनरल कँडेथ यांच्या सतराव्या डिव्हिजनकडे होती. ब्रिगेडियर सगतसिंग यांच्या पन्नासाव्या पॅराशूट ब्रिगेडने उत्तरेकडून दुय्यम दबाव आणावा, अशी अपेक्षा होती. प्रत्यक्षात ही ब्रिगेड दोडामार्ग, अस्नोडा, थिवी या वाटेने इतक्या वेगाने आली की, १८ तारखेच्या संध्याकाळी तिची एक तुकडी मांडवीच्या काठी बेतीला उभी होती आणि समोर पणजीचे दिवे दिसत होते. हे सैनिक छत्रीधारी होते हे खरे, परंतु गोव्यात ते विमानातून उतरले नाहीत, रस्त्याने आले. पोर्तुगीजांनी माघार घेताना पूल उडवले होते, वाटेत सुरुंग पेरले होते. त्यांतून मार्ग निघाला तो सैनिकांच्या हिमतीने आणि गावोगावच्या गोमंतकीय माणसांच्या मदतीने. ओढ्याला उतार कोठे आहे, होडी कोणाकडे मिळेल, सुरुंग कोणत्या वळणावर आहेत, हे कॅनबेरा विमानाच्या दुर्बिणीतून दिसत नाही. ते गावातील माणूस सांगतो, आणि सांगतो तो मनापासून वाटले तरच.

त्याला मनापासून का वाटले, याचे उत्तर १९६१ मध्ये नाही. ते १८ जून १९४६ च्या मडगावच्या मैदानावर आहे, जेथे राममनोहर लोहियांनी भर पावसात सभाबंदी मोडली. ते त्रिस्ताव ब्रागांझ कुन्हांच्या लिखाणात आहे. ते १८ मे १९५५ रोजी नानासाहेब गोरे आणि सेनापती बापट यांच्याबरोबर सरहद्द ओलांडणाऱ्या पहिल्या तुकडीच्या पाठीवरील वळांत आहे. शिरूभाऊ लिमये, मधू लिमये, त्रिदिब चौधरी यांनी पोर्तुगीज तुरुंगात काढलेल्या दिवसांत आहे. आणि १५ ऑगस्ट १९५५ रोजी सरहद्दीवर गोळ्या खाऊन पडलेल्या वीसहून अधिक नि:शस्त्र सत्याग्रहींच्या रक्तात आहे. त्या दिवसानंतर पंडित नेहरूंच्या सरकारने सत्याग्रह थांबवला, सरहद्द बंद केली आणि सहा वर्षे काहीच केले नाही. त्या सहा वर्षांबद्दल समाजवाद्यांनी सरकारला जे प्रश्न विचारले, ते आजही शिळे झालेले नाहीत. १९६१ च्या नोव्हेंबरात अंजदीव बेटावरून भारतीय बोटीवर गोळीबार झाला, राजाराम कोचरेकर हा मच्छीमार मारला गेला, आणि मग अचानक हालचाल सुरू झाली. फेब्रुवारी १९६२ मध्ये सार्वत्रिक निवडणूक होती. संरक्षणमंत्री कृष्ण मेनन उत्तर मुंबईतून उभे होते आणि समोर आचार्य कृपलानी होते. कारवाईच्या मुहूर्ताचा या गोष्टीशी काही संबंध नव्हता, असे मानण्याइतके भोळेपण राजकीय कार्यकर्त्याला परवडत नाही. म्हणून कारवाई अन्याय्य ठरत नाही. पण तिची वाटचाल कोणाच्या सोयीने ठरली, हे विसरून चालत नाही.

येथे एक अडचणीचा प्रश्न उभा राहतो व तो टाळण्यात अर्थ नाही. ज्या चळवळीने सत्याग्रह हे आपले शस्त्र मानले, तिने बाँबफेकीचे स्वागत कसे करावे? राजाजींनी त्या वेळी कारवाईवर कठोर टीका केली होती व भारताने आपला नैतिक अधिकार गमावला असे म्हटले होते. सुरक्षा समितीत पाश्चात्त्य राष्ट्रांनी हाच सूर लावला, आणि सोव्हिएत रशियाचा नकाराधिकार आडवा आला म्हणून ठराव बारगळला. पाश्चात्त्यांच्या नीतिबोधाचे उत्तर सोपे आहे. कॅनबेरा हे विमान मूळ इंग्लंडच्या कारखान्यातले. १९५६ च्या ऑक्टोबर-नोव्हेंबरात याच जातीच्या विमानांनी माल्टा आणि सायप्रसहून उडून इजिप्तच्या विमानतळांवर बाँब टाकले होते, सुएझ कालवा राष्ट्राच्या मालकीचा केल्याचा सूड म्हणून. भारताने त्या आक्रमणाचा निषेध केला आणि पुढच्याच वर्षी, १९५७ साली, तीच विमाने विकत घेण्याचा करार केला. विसंगती आहे, पण एकट्या भारताची नाही. त्यापूर्वी कोरियात, जेट विमानांच्या पहिल्या मोठ्या युद्धात, मिग आणि सेबर यांच्या झुंजींची वर्णने जगभर चवीने वाचली गेली. त्याच तीन वर्षांत अमेरिकी विमानांनी कोरियावर सहा लाख टनांहून अधिक बाँब आणि बत्तीस हजार टनांवर नापाम टाकले, हे वाचणारे थोडे. उत्तर कोरियाची शहरे जमीनदोस्त झाली आणि युद्ध संपले ते जवळजवळ सुरू झाले त्याच रेषेवर.

आणि खुद्द पोर्तुगालचे काय? गोव्यात त्यांच्याकडे लढाऊ विमान नव्हते, म्हणून पोर्तुगाल हे एक दुबळे, केविलवाणे राष्ट्र होते, असा समज करून घेणे चूक आहे. पोर्तुगाल नाटोचा सभासद होता. सेबर व थंडरजेट ही जेट विमाने त्याच्या ताफ्यात होती. ती गोव्यात नव्हती, कारण त्याच वर्षी ती दुसरीकडे कामाला लागली होती. मार्च १९६१ मध्ये अंगोलात उठाव झाला आणि सालाझारच्या हवाई दलाने तेथील खेड्यांवर बाँब व नापाम टाकले. कापसाच्या आणि कॉफीच्या मळ्यांतून सक्तीने राबवल्या जाणाऱ्या शेतमजुरांकडे विमानविरोधी तोफा नव्हत्या. जेट युगातील हवाई सामर्थ्य बहुतेक वेळा कोणाविरुद्ध वापरले गेले, याचे हे खरे चित्र आहे. ज्याला उलट मारा करता येत नाही, त्याच्याविरुद्ध.

या पार्श्वभूमीवर भारतीय विमानांना दिलेल्या त्या आज्ञेचे मोल कळते. धावपट्टी फोडा, इमारत नको. बिनतारी केंद्र पाडा, वस्ती नको. दीवमध्ये विंग कमांडर ब्लेक यांना धावपट्टीवर पांढरी निशाणे हलवणारी माणसे दिसली, तेव्हा त्यांनी ठरलेला हल्ला सोडून दिला. हा संयम कोठून आला? तो यंत्रातून आला नाही. कॅनबेरा तीच होती. तो आला, कारण खाली जे लोक होते त्यांना ‘शत्रू’ म्हणायला कोणी तयार नव्हते. पंधरा वर्षांच्या चळवळीने गोमंतकीय माणूस हा भारतीय माणूस आहे, ही गोष्ट राष्ट्राच्या मनात एवढी रुजवली होती की, बाँबफेकीच्या आदेशालाही ती पाळावी लागली. सत्याग्रहींची चळवळ १९५५ मध्ये हरली असे म्हणणाऱ्यांनी १९६१ चा तो आदेश समोर ठेवावा. राजाजींच्या टीकेला उत्तर द्यायचे झाले तर ते येथूनच देता येईल, आणि तेही अर्धेच. कारण सहा वर्षे वाया घालवून बाँबपर्यंत येण्याची वेळ का आली, हा त्या टीकेतील खरा भाग शिल्लकच राहतो.

संयम असूनही चुका झाल्याच. पायदळाला साह्य करण्यासाठी ४५ व्या स्क्वाड्रनची व्हॅम्पायर विमाने आकाशात फिरत होती. पायदळाने त्यांना काही काम सांगितले नाही. परंतु त्यांतील दोन विमानांनी दुसऱ्या शीख लाइट इन्फन्ट्रीच्या ठाण्यावरच अग्निबाण सोडले व दोन जवान जखमी झाले. दुसरीकडे भारतीय पायदळाने आपल्याच हवाई दलाच्या एका विमानावर गोळ्या झाडल्या. समोर शत्रूचे विमान नाही, युद्ध दीड दिवसाचे, तरी ही गत. जमिनीवरील सैनिक आणि आकाशातील वैमानिक यांच्यात बोलण्याची नीट व्यवस्था नव्हती. जमिनीवरून जो नुसता शिपाई वाटतो तो आकाशातून ठिपका दिसतो, आणि ठिपक्याला गणवेश नसतो. या दोन जवानांची चौकशी विजयाच्या धामधुमीत कोणी केली असेल तर ती लोकांपर्यंत आली नाही. एकूण कारवाईत बावीस भारतीय आणि तीसच्या सुमारास पोर्तुगीज सैनिक मृत्युमुखी पडले, हा आकडा लहान आहे, म्हणून चुकांवर चर्चा करण्याची गरजच कोणाला वाटली नाही.

दहा महिन्यांनी चीनशी युद्ध झाले. गोव्यात विरोधकाकडे विमान नव्हते तेव्हा वापरलेले हवाई दल, १९६२ मध्ये विरोधक डोंगर उतरून येत असताना जमिनीवर बसवून ठेवले गेले. सामानवाहू विमानांनी आणि हेलिकॉप्टरांनी जिवावर उदार होऊन काम केले. चुशूलला एएन-१२ विमानांतून रणगाडेसुद्धा उतरवण्यात आले. पण लढाऊ विमाने वापरली नाहीत. चिनी विमाने कलकत्त्यावर येतील ही धास्ती होती, आणि तिबेटातील चिनी हवाई सामर्थ्याचा गुप्तचर विभागाने केलेला अंदाज फुगलेला होता. तिबेटाच्या पठारावरील उंच विमानतळांवरून पुरेसा बाँबभार घेऊन विमान उडवणे किती अवघड, याचा हिशेब करणारे अधिकारी हवाई दलात होते. त्यांना विचारले गेले नाही. आणि १९ नोव्हेंबर १९६२ रोजी पंतप्रधानांनी अध्यक्ष केनेडींना दोन पत्रे लिहून अमेरिकेकडे लढाऊ विमानांच्या किमान बारा स्क्वाड्रन व बी-४७ बाँबफेकी विमानांच्या दोन स्क्वाड्रन मागितल्या. संसदेला याचा पत्ता नव्हता. ज्या सरकारने स्वतःची विमाने उडवली नाहीत, त्याने दुसऱ्याची विमाने, दुसऱ्याच्या वैमानिकांसह, देशाच्या आकाशात बोलावली. अलिप्ततेचे धोरण इतके नि:शब्दपणे दुसऱ्या कोणत्या क्षणी गहाण पडले नसेल.

या निर्णयाचे मूळ दाबोळीत आहे, असे म्हणणे अतिशयोक्तीचे होईल. पण दाबोळीने एक सवय लावली एवढे खरे. हवाई दल म्हणजे काही तरी फार मोठे, फार महाग, फार निर्णायक शस्त्र. दुबळ्यासमोर ते मिरवायचे आणि बलवानासमोर ते काढायला भ्यायचे. ते युद्धातील अनेक साधनांपैकी एक साधन आहे, पायदळ, तोफखाना, रस्ते आणि खेड्यातील माणूस यांच्याबरोबर त्याची मोट बांधावी लागते, हे शिकायची संधी गोव्यात मिळाली होती. विजय फार लवकर मिळाला आणि संधी हुकली.

तिचा दुसरा हप्ता छांबमध्ये चुकता झाला. १ सप्टेंबर १९६५ रोजी पाकिस्तानी रणगाडे छांबमध्ये घुसले. जनरल चौधरी आता लष्करप्रमुख होते आणि यशवंतराव चव्हाण संरक्षणमंत्री. चव्हाणांनी विमाने वापरण्याची परवानगी देण्यास वेळ लावला नाही. १९६२ पेक्षा हा फरक मोठा होता आणि त्याचे श्रेय त्यांना दिले पाहिजे. पण दिवस मावळतीला आला होता आणि पठाणकोटहून प्रथम निघाली ती व्हॅम्पायर विमाने, ४५ व्या स्क्वाड्रनची. तीच तुकडी, जी चार वर्षांपूर्वी गोव्याच्या रिकाम्या आकाशात बिनकामाची फिरली होती. व्हॅम्पायर हे भारतीय हवाई दलाचे पहिले जेट, १९४८ साली आलेले. १९६५ मध्ये त्याची सेबरशी गाठ घालणे म्हणजे बैलगाडीला आगगाडीसमोर उभे करणे होते. त्या एका संध्याकाळी चार व्हॅम्पायर विमाने पडली. आणि गोव्यातील दुसरी चूकही पुन्हा घडली. संध्याकाळच्या धूसर उजेडात भारतीय विमानांनी भारतीय सैन्यावरच मारा केला. त्यानंतर व्हॅम्पायर पहिल्या फळीतून काढून घेण्यात आली. १९६१ च्या डिसेंबरात कोणी निवांतपणे बसून त्या दोन जखमी जवानांचा अहवाल वाचला असता, तर छांबची संध्याकाळ थोडी तरी वेगळी झाली असती, असा विचार मनात आल्याशिवाय राहत नाही.

ही जुनी प्रकरणे तळवड्याच्या अभ्यासवर्गात उकरण्याचे कारण उघड आहे. फेब्रुवारी २०१९ मध्ये बालाकोट झाले, मे २०२५ मध्ये चार दिवस पुन्हा आकाशात युद्ध झाले. दोन्ही वेळा कारखान्याच्या फाटकावर, चहाच्या टपरीवर, मोबाईलच्या पडद्यावर जो उत्साह उसळला, तो कार्यकर्त्यांनी पाहिला आहे. त्या उत्साहाला तुच्छ लेखणे हा मार्ग नव्हे. देशाबद्दल वाटणारी आपुलकी त्यात असते, आणि ज्याचा मुलगा सैन्यात आहे त्याची काळजीही असते. पण पुंछसारख्या सरहद्दीवरील गावांत तोफगोळ्यांनी घरे पडली व माणसे मेली, ती त्या पडद्यावर क्षणभरच दिसली. हवाई हल्ल्याचे एक वैशिष्ट्य असे की, तो करणाऱ्या देशातील नागरिकाला त्यात काहीच द्यावे लागत नाही असे वाटते. विमान जाते, परत येते, आणि सकाळी नेहमीची पाळी सुरू होते. देणारे वेगळेच असतात. सरहद्दीवरचा शेतकरी देतो, वैमानिक देतो, दारूगोळ्याच्या कारखान्यातील कामगार देतो, आणि रेड झोनमध्ये आयुष्याची कमाई अडकलेला तळवड्याचा माणूसही, कोणी विचारत नसले तरी, देतच असतो.

कार्यकर्त्याने अशा वेळी लोकांत जाऊन काय विचारावे, याचे नमुने गोव्याच्या कारवाईतच आहेत. लक्ष्य कोणते होते आणि ते खरोखर बंद पडले का? खाली कोण होते? जमिनीवरच्या माणसाने आधी काय केले होते आणि नंतर त्याला काय करावे लागले? चुकीने आपलेच कोणी मारले गेले का, आणि ते संसदेला कोणी सांगितले? हे प्रश्न विचारणाऱ्याला देशद्रोही म्हणण्याची फॅशन आहे. १९६२ मध्ये ते विचारले गेले नाहीत, म्हणून देशाचे जे नुकसान झाले ते कोणत्या खात्यावर लिहायचे, हे त्या फॅशनवाल्यांना विचारावे.

गोव्याच्या दुसऱ्या दोन गोष्टी सांगायच्या राहिल्या. पहिली आग्वादच्या किल्ल्याची. तेथे राजबंदी होते. १८ तारखेला त्यांना सोडवण्यासाठी मेजर शिवदेवसिंग सिद्धू यांची तुकडी गेली. किल्ल्यातून गोळीबार झाला आणि मेजर सिद्धू व कॅप्टन विनोद सेहगल ठार झाले. आत माणसे होती, म्हणून किल्ल्यावर विमान पाठवता येत नव्हते. तेथे माणसालाच जावे लागले.

दुसरी गोष्ट आकाशाचीच आहे. नोव्हेंबर १९५५ पासून आंबोली आणि कॅसलरॉकच्या जंगलात राहून लिबिया लोबो आणि वामन सरदेसाई हे दोघे ‘गोंयचे सोडवणेचो आवाज’ हे गुप्त नभोवाणी केंद्र चालवत होते. सहा वर्षे, कोंकणीतून आणि पोर्तुगीजमधून. पावसाळ्यात ओल, जळवा आणि साप, बारा महिने एकांत, आणि समोर बसलेला श्रोता कधीच दिसायचा नाही. पोर्तुगीज सत्तेचा बांबोळीचा आवाज १८ डिसेंबरला हंटर विमानांनी बंद पाडला. शरणागतीनंतर हवाई दलाच्या एका विमानाला ध्वनिक्षेपक बसवला गेला आणि हे दोघे त्यात बसून गोव्यावरून फिरले. सुमारे दोन तास त्यांनी वरून लोकांना ओरडून सांगितले की, गोवा मुक्त झाला आहे. ज्यांचा आवाज सहा वर्षे जंगलातून चोरून ऐकला होता, तो या वेळी गोमंतकीयांनी अंगणात उभे राहून, मान वर करून ऐकला. त्या दोघांनी पुढे विवाह केला. लिबिया लोबो-सरदेसाई यांना जानेवारी २०२५ मध्ये, वयाच्या शंभराव्या वर्षी, पद्मश्री जाहीर झाली.